सामना नसलेल्या दिवशीचे स्टेडियम : कलांग ते टॅम्पिनीस

सिंगापूरच्या मेट्रोच्या सर्कल मार्गावरील ‘स्टेडियम’ हे भुयारी स्थानक वोहा या तिथल्याच वास्तुरचना संस्थेने घडवले आहे. पन्हळी ॲल्युमिनियमच्या उंच भिंती आणि छतातून उतरणारा दिवसाचा उजेड पाहत मी वर आले, तेव्हा समोर राष्ट्रीय स्टेडियमचा अवाढव्य घुमट होता आणि त्या दिवशी तिथे सामना नव्हता. असा दिवस मी मुद्दाम निवडला होता. सामन्याच्या दिवशीचे स्टेडियम दूरचित्रवाणीवर सगळ्यांनाच दिसते. वर्षातल्या उरलेल्या दिवसांत ते शहराला काय देते, हे पाहायचे तर तिथे पायीच फिरावे लागते.

स्टेडियम ज्या कलांग भागात आहे, तिथला हा पाण्याचा काठ शहराच्या आठवणीतला आहे. जवळच 1937 मध्ये विमानतळ सुरू झाला होता, आणि 1973 साली इथे उभ्या राहिलेल्या जुन्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये फुटबॉलसाठी जमणाऱ्या गर्दीचा आवाज ‘कलांग रोअर’ (कलांगची गर्जना) या नावाने प्रसिद्ध झाला. ते स्टेडियम 2007 मध्ये बंद झाले आणि नंतर पाडले गेले. 2014 मध्ये त्याच जागी 35 हेक्टरांचे नवे क्रीडासंकुल खुले झाले. अरूप असोसिएट्स, डीपी आर्किटेक्ट्स आणि एकॉम यांनी त्याची आखणी केली. त्यातल्या मुख्य स्टेडियममध्ये 55,000 प्रेक्षक बसतात, आणि त्यावरचा सुमारे 310 मीटर पल्ल्याचा घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा आहे.

या घुमटाचे कौतुक त्याच्या आकारासाठी होते. मला मात्र त्याची कडा अधिक मोलाची वाटली. घुमट प्रेक्षागाराच्या भिंतीपाशी संपत नाही. तो पुढे येऊन थेट जमिनीकडे उतरतो, आणि भिंत व घुमटाचा पाया यांच्यामध्ये स्टेडियमला वळसा घालणारा एक रुंद, सावलीचा मार्ग तयार होतो. व्यास 310 मीटर म्हटल्यावर परीघ किलोमीटरच्या जवळपास जातो, यावरून या वळचणीची लांबी लक्षात यावी. तिच्यात शिरायला तिकीट लागत नाही. विषुववृत्ताला खेटून असलेल्या या शहरात दुपारचे ऊन आणि अचानक कोसळणारी सर मोकळ्या मैदानाला तासन्‌तास निरुपयोगी करून टाकतात, त्यामुळे इथली खरी सार्वजनिक जागा छताखालीच असू शकते, हे रचनाकारांनी नेमके ओळखले आहे. मी चालत असताना पाऊस आला. धावणाऱ्यांपैकी कोणीही थांबले नाही, चाके लावून घसरायला शिकणारी मुले तशीच शिकत राहिली, आणि काचेच्या दारांत आपले प्रतिबिंब पाहत नृत्याचा सराव करणारा एक गट तर पावसाकडे बघतही नव्हता.

पश्चिमेकडे प्रेक्षागाराचे कडे खुले सोडले आहे. त्यामुळे आत बसलेल्याला कलांगच्या पाण्यापलीकडे शहराच्या उंच इमारती दिसतात. मैदानावरचे छत सरकते असून त्याला ईटीएफई या हलक्या, प्रकाश झिरपू देणाऱ्या पदार्थाचे आवरण आहे. गार हवा खुर्च्यांखालून सोडली जाते, म्हणजे सगळी पोकळी थंड करण्याऐवजी माणसे बसतात तेवढाच थर थंड होतो. खालच्या मजल्यावरील आसने पुढे-मागे सरकवून फुटबॉल, क्रिकेट आणि ॲथलेटिक्स या तिन्हींसाठी मैदानाचा आकार बदलता येतो.

तरीही इथली सार्वजनिकता संमिश्र आहे. संकुलाला लागूनच मोठा मॉल आहे आणि वाटेवर दुकानांचे अस्तित्व सतत जाणवते. हे संकुल सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतून उभे राहिले व चालवले गेले. डिसेंबर 2022 मध्ये सरकारी क्रीडा यंत्रणेने ते स्वतःच्या ताब्यात घेतले, आणि सर्वसामान्यांना त्याचा अधिक वापर करता यावा, हे त्यामागचे एक कारण होते. चांगली आखणी दार ठेवू शकते. ते उघडे ठेवायचे की नाही, हे चालवणारा ठरवतो. मुंबईकर म्हणून हे मला फार जवळचे वाटते. वानखेडे चर्चगेटला रेल्वेमार्गाला खेटून उभे आहे, रोज लाखो माणसे त्याच्या शेजारून लोकलने जातात, पण सामना नसेल तर त्या वास्तूशी त्यांचा काहीही संबंध येत नाही. उलट शिवाजी पार्कात छत नाही, प्रेक्षागार नाही, आहे तो मैदानाभोवतीचा कट्टा. आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिथे बसत, चालत आणि खेळ पाहत आली आहेत.

कलांगला त्या कट्ट्यासारखी कडा आहे, पण मैदान बंद दारांआड राहते. ही उणीव मला दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्वेला, टॅम्पिनीस या वसाहतीत भरून निघालेली दिसली. तिथल्या जुन्या स्टेडियमच्या जागी 2017 मध्ये ‘अवर टॅम्पिनीस हब’ खुले झाले. आराखड्यासाठी 15 हजारांहून अधिक रहिवाशांची मते घेण्यात आली होती. साधारण 5,000 आसनांचे फुटबॉल मैदान मधोमध आहे, आणि त्याच्या भोवती वाचनालय, खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचे हॉकर सेंटर, नाट्यगृह, दवाखाना, सरकारी कामांचे खिडकी-केंद्र आणि वरच्या मजल्यावर जलतरण तलाव रचलेले आहेत. मैदान इथे वसाहतीच्या चौकाचे काम करते. वरच्या मजल्यांच्या सज्ज्यांत उभे राहिले की खाली चाललेला खेळ सहज दिसतो. कागदपत्रांच्या कामासाठी आलेले एक आजोबा नातवाला उचलून धरून बराच वेळ सराव दाखवत होते. वाचनालयाच्या एका मजल्याला तर धावण्याची मार्गिका जोडलेली आहे. पुस्तकांची शांतता आणि धावणाऱ्यांची पावले एकत्र कशी नांदतील, अशी मला शंका होती. वाचणारे मात्र मान वर न करता वाचत होते.

दिसायला हे हब कलांगच्या घुमटापुढे साधे आहे आणि छायाचित्रात त्याची भव्यता येत नाही. तरीही दोन्हींतून एकच निवडायचे झाले, तर मी टॅम्पिनीस निवडेन, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांना खेळाशी काहीही कर्तव्य नसते आणि तरी ते रोज मैदानाच्या काठाने जातात. वेळ असेल तर दोन्ही पाहावीत. टॅम्पिनीसला संध्याकाळी, हॉकर सेंटर भरलेले असताना जावे. कलांगला सकाळी, आणि वळसा पूर्ण झाल्यावर तांजोंग रू पादचारी पुलावरून पलीकडच्या काठाला उतरून मरिना बराज या धरणाच्या दिशेने चालत राहावे.