तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलमधला फोटो टीशर्टवर तसाच का येत नाही?

चैत्र जवळ आला की वणीच्या गडावर पायी जाणाऱ्या मंडळांची पोरं जळगावात आमच्याकडे टीशर्ट छापायला येतात, सप्तशृंगीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि सॅम्पल बघितलं की सवाल ठरलेला, "भाऊ, मोबाईलमध्ये इतका भारी दिसतो, मग इथे काळपट का पडला?"

तर ऐका. आम्ही छापतो ते स्क्रीनने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून इंक खाली ढकलून. या स्क्रीनला फिका रंग कळतच नाही. जाळी उघडी तिथे इंक पडते, बंद तिथे नाही, मधलं काहीच नाही. म्हणून चेहऱ्यावरची सावली ठिपक्यांनी उभी करायची, गडद भागात मोठे, उजळ भागात बारीक, लांबून बघितलं की डोळा ते आपोआप मिसळून घेतो. यालाच हाफटोन म्हणतात.

आता सगळ्यांना वाटतं ठिपका जेवढा बारीक तेवढी प्रिंट भारी. टीशर्टवर उलटं आहे भो! इंचाला ठिपक्यांच्या 45 ओळी ठेवल्या तर जाळी त्याच्या चार-पाच पट, म्हणजे इंचाला 180 ते 225 धाग्यांची लागते, नाहीतर बारीक ठिपक्याला धरायला धागाच मिळत नाही आणि स्क्रीन धुतानाच तो पाण्याबरोबर निघून जातो. ओळींचा कोनही साधारण साडेबावीस अंश ठेवतो, नाहीतर जाळी आणि ठिपके एकमेकांत अडकून फोटोवर लहरी उठतात. त्यात होजिअरीवर, म्हणजे टीशर्टच्या विणलेल्या कापडावर, इंक पसरते, 50 टक्क्यांचा ठिपका 65-70 सारखा दिसायला लागतो, तुमचा काळपटपणा तिथून येतो. म्हणून फाईल आधीच उजळ करावी लागते, कॉम्प्युटरवर अगदी फिक्कट दिसेपर्यंत, आणि नेमकं तेव्हाच मागे उभं असलेलं कुणीतरी म्हणतं, भाऊ फोटो पांढरा करून टाकला की!

देवीचं सांगतो. 2022 ला शेंदराचा लेप काढला, त्यानंतरच्या फोटोत अठराही हात आणि आयुधं उठून दिसतात, पण छापायला मला जुना शेंदरी फोटोच सोपा वाटतो, कारण एक भगवा, त्यावर काळा आणि कडेला थोडा हायलाइट एवढ्यावर काम भागतं, नव्यात मधल्या छटाच फार.

काळ्या टीशर्टचा खर्च वेगळाच. चार रंगांच्या प्रोसेसची, म्हणजे निळा, गुलाबी, पिवळा, काळा एकमेकांवर छापून सगळ्या छटा काढायची इंक पारदर्शक असते, ती पांढऱ्यावरच खुलते. काळ्यावर आधी पांढरा बेस मारायचा, तोही हाफटोनमध्ये आणि कडेने जरासा आत घेतलेला, नाहीतर बॉर्डरला पांढरं डोकावतं, मग फ्लॅश, म्हणजे वरून हीटरची झळ, मारून सुकवायचा आणि त्यावर दाट रंग एकेक करून.

आणि आपल्याकडचं ऊन! वॉटर बेस इंक जाळीतच सुकते, पहिले बारीक ठिपकेच बुजतात. प्लास्टिसोल ही प्लास्टिकवाली इंक साधारण 160 डिग्रीला पकते, नुसत्या हवेत सुकत नाही, म्हणून आम्ही तीच वापरतो, पण दुपारी तीही पातळ होते म्हणून फोटोचं काम शक्यतो सकाळीच उरकतो.

फोटो पाठवाल तर डॉक्युमेंट करून पाठवा, स्क्रीनशॉट नको. बारा इंच रुंद छापायचा असेल तर 3600 पिक्सेल असले म्हणजे निवांत. आणि दहा-पंधराच टीशर्ट असतील तर सरळ डीटीएफ (फिल्मवर छापून टीशर्टवर गरम दाबून चिकटवतात ते) करून घ्या, तेवढ्यासाठी स्क्रीन बनवणं ना तुम्हाला परवडेल ना मला.