साडेतीन हजारांची वेगळी पावती

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात मी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. एक खोली, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, पावतीचा छोटा प्रिंटर आणि सकाळी शाखेतून मोजून आणलेली रोकड, एवढाच पसारा. निराधारचे पैसे, पीएम किसान, रोजगार हमीची मजुरी, कापसाचा चुकारा असा गावात येणारा बहुतेक पैसा माझ्या टेबलावरून लोकांच्या हातात जातो. त्यामुळं सरकारनं मजुरी वाढवली, तर ती कोणाच्या खात्यात किती आली हे मला दिसतं. आलेल्यातली घरी किती गेली, हेही दिसतं. या दोन आकड्यांत केवढी तफावत असू शकते, ते मी 2024 च्या फेब्रुवारीत एका दुपारी पाहिलं.

जवळच एक मोठं सरकारी वसतिगृह आहे. तिथली सफाई आणि स्वयंपाकघरातली वरकड कामं ठेक्यावर चालतात. अकरा बाया, सगळ्या आमच्या नाहीतर शेजारच्या गावच्या. आधीचा ठेकेदार महिन्याला 6,700 रुपये रोख द्यायचा, तेही हातावर मोजून, सहीशिवाय. नवा ठेका निघाला तेव्हा त्यात अट आली की किमान वेतनाच्या नव्या दरानं पगार द्यायचा आणि तो बँकेतच जमा करायचा. किमान वेतनात मूळ वेतन असतं आणि त्यावर विशेष भत्ता असतो. महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं हा भत्ता आपल्या राज्यात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. परिमंडळ शहराचं की खेड्याचं, काम कुशल की अकुशल, यावर रक्कम ठरते. हे सगळं मला नंतर समजलं. बायांना तेव्हा फक्त इतकंच सांगितलं होतं की आता पैसे खात्यात येतील, आधी मिळायचे तेवढेच.

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एकत्रच आल्या. समोरच्या पानठेल्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर मोटरसायकलला टेकून उभा होता, हातात वही. पंचविशीतला पोरगा, तोही महिन्याच्या पगारावरचाच माणूस. पहिल्या दोघीतिघींनी एकच सांगितलं: आधी साडेतीन हजार काढ, त्याची पावती अलग दे, मग बाकीचे काढ. आधारवर एका वेळी 10,000 च्या वर निघत नाहीत, म्हणून दोनदा अंगठा ठेवणारे असतात. पण त्यांची विभागणी अशी नसते. आणि प्रत्येकीची साडेतीन हजारांची पावती नोटांसकट पानठेल्यावर जात होती.

मग एक काकू आली. साठीच्या जवळ, घरी नवरा दम्याचा. तिचा अंगठा मशीन घेईना. वर्षानुवर्षं संडास-बाथरूम घासून, ॲसिड आणि फिनाईलमध्ये हात घालून तिच्या बोटांच्या रेघाच पुसट झाल्या आहेत. निंदण-वेचणी करणाऱ्या बायांची बोटं चिरलेली असतात, ती तरी लागतात. हिची बोटं गुळगुळीत. आम्ही नेहमीचे उपाय केले. ओल्या कपड्यानं पुसलं, मग तिनं बोट डोक्याच्या तेलावरून फिरवलं, परत पदराला पुसलं. उजवा अंगठा गेला, तर्जनी गेली. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काम झालं आणि आधी शिल्लक पडद्यावर आली. पैसे देण्याआधी शिल्लक वाचून दाखवायची, हा माझा रिवाज आहे.

"काकू, दहा हजार दोनशे चौदा हायेत."

"कितीक?"

मी परत सांगितलं.

"पगाराचे?"

"पगाराचेच. कालच जमा झाले."

"मले त सांगतलं, चुकून जास्त पडते, थे वापस कराचे हायेत म्हनून." ती थोडा वेळ मशीनकडं बघत राहिली. "चुकून पडले का, भाऊ?"

मी पासबुक छापून दिलं. पगाराच्या नोंदीत ठेकेदाराच्या फर्मचं नाव होतं, महिना होता. चूक काही नव्हती. मी म्हटलं, "तुमच्या नावानं आले, तुमच्या कामाचे आले. तुमचेच हायेत."

"मंग सहा हजार सातशे दे. बाकीचे राहू दे तिथंच."

तिनं रक्कम मोजली, पिशवीत घातली आणि तिथंच बाकावर बसून राहिली. पावती एकच निघाली, तीही तिच्याजवळ. तेवढ्यात पोरगा आत आला.

"भाऊ, तिले समजत नाही. वरून ठरलेलं हाये. सगळ्या साईटवर असंच चालते. ठेका कमी रेटनं भरला साहेबानं, पीएफ बी आमालेच भरा लागते. तुमी काढून द्या." मग जरा आवाज उतरवून, "तुमाले त दोन येळचं कमिशन भेटते."

मी त्याला मशीन दाखवलं. तिनं बोट ठेवलं तर निघतील, नाहीतर बँकेचा मॅनेजर आला तरी निघणार नाहीत. हे नियमाचं बोलणं होतं, पण मला ते म्हणताना फार बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

तो काकूकडं वळला. "मंग उद्यापासून येऊ नका काकू."

"येऊ नको म्हनाचा कागद दे," ती म्हणाली. "तवरक मी त येतो."

रांगेतल्या बाकीच्या बायांनी हे सगळं ऐकलं. पुढच्या दोघींनी तरीही साडेतीन हजार काढून दिले. एकीच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं आणि दुसरीचा मुलगा त्याच ठेकेदाराकडं ड्रायव्हर. त्यांना मी काय बोलणार? पण उरलेल्या पाचजणी काकूसारख्याच 6,700 घेऊन गेल्या. पोरगा निघताना बाकावर एक छापील कागद विसरला: "मी राजीखुशीने जादा जमा झालेली रक्कम परत करीत आहे." खाली अंगठ्यासाठी चौकोन.

या कागदाची किंमत काय, ते मला यवतमाळच्या कामगार कार्यालयात कळलं. किमान वेतन अधिनियम 1948 सालचा. तेव्हा तोच लागू होता आणि त्याचं कलम 25 सांगत होतं की कमी वेतन घ्यायला मजुरानं स्वतः कबुली दिली असली तरी ती कबुली रद्दबातल. राजीखुशी तिथं चालतच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात याहून पुढं जाऊन म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या कलम 23 नं बंद केलेली वेठच. उपाशी माणूस "हो" म्हणतो तेव्हा ते "हो" भुकेचं असतं, असा त्या निकालाचा सूर. मला तो छापील चौकोन आठवला.

पण अडचण वेगळीच होती. कागदोपत्री ठेकेदारानं पूर्ण वेतन दिलेलं होतं. पासबुक त्याच्याच बाजूनं साक्ष देत होतं. परत घेतलेली रोकड कुठंच दिसत नव्हती. बायांचा शब्द आणि ठेकेदाराचा शब्द, एवढंच उरत होतं. तेव्हा त्या वेगळ्या पावत्या कामी आल्या. एकाच दुपारी, एकाच केंद्रातून, एकाच ठेक्यावरच्या पाच बायांनी आधी नेमके 3,500 आणि दोन मिनिटांनी बाकीचे काढले. त्यांच्या खात्यांच्या उताऱ्यात हे ओळीनं छापून आलं. पावती अलग मागितली ती पोरानंच, साहेबाला हिशेब द्यायला. बायांनी आपापल्या खात्याचा उतारा सही-अंगठा देऊन मागून घेतला, अर्जाला जोडला. कोणाच्या परवानगीशिवाय कोणाचा कागद मी बाहेर काढला नाही.

वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांसमोर ते उतारे गेले तेव्हा हललं. ठेक्याच्या अटीत लिहिलेलं होतं की वेतनात गडबड आढळली तर बिल अडवता येईल. बिल अडकलं आणि पंधरवड्यात पाचही जणींच्या खात्यात साडेतीन-साडेतीन हजार परत पडले. एक जण पावती घेऊन किती वेळ हसत होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी ही गोष्ट आनंदानं सांगितली असती. एप्रिलपासून त्या ठेक्यावर अकराच्या आठ बाया झाल्या. तिघींना "गरज नाही" म्हणून सांगितलं, त्यात काकू. संडास तेवढेच, मजले तेवढेच, पोरं तेवढीच. आठजणींना पूर्ण पगार मिळतो आणि अकराजणींचं काम करावं लागतं.

आमच्याकडं यावर दोन बाजूंनी बोललं जातं. माझे वडील रोजगार हमीच्या कामावर गिट्टी फोडत. 1977 च्या कायद्यानं आपल्या राज्यात हमी आली, देशात येण्याच्या कितीतरी आधी. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोचा दर जवळपास दुप्पट झाला. वडील सांगतात, त्या वर्षी गावात पेढे वाटले, आणि त्यानंतर काम मागायला गेलं की कधी काम लांबच्या गावी, कधी मंजुरीच नाही. दर चढला आणि हमी आटली. हे खोटं नाही.

दुसरी बाजू माझ्या शेजारच्या कास्तकाराची. चार एकर कोरडवाहू, सगळी पऱ्हाटी. "बायाईले सरकार दर ठरवून देते, मले कोन देते?" तो विचारतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 रुपये क्विंटल होता, आणि आमच्याकडं वेचणीच दहा रुपये किलोच्या घरात, म्हणजे क्विंटलला हजार रुपये नुसते वेचायचे. त्याला बाई मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. त्याचं दुःख मला कळतं, माझंही वावर आहे. पण तो ज्या बाईला "महाग झाली" म्हणतो, तिला पहिल्या वेच्यात दिवसाचे चारशे मिळतात ते जेमतेम काही आठवडे. मग उन्हाळ्यात रोजगार हमी, तिथं 2023-24 मध्ये राज्याचा दर 273 रुपये, आणि तोही केंद्र वेगळा ठरवतं, किमान वेतनाशी त्याचा मेळ घालायचं बंधन नाही. त्याच्या कापसाचा भाव पडला म्हणून तिची रोजी पाडायची, हा हिशेब मला मान्य नाही. दोघांची लूट एकाच रस्त्यानं होत असताना त्यांनी एकमेकांच्या ताटात बघावं, याचा मला संताप येतो.

दर वाढलाच पाहिजे. कायद्यात तर दर पाच वर्षांच्या आत फेरविचाराचं बंधन होतं आणि तेही सगळीकडं पाळलं गेलं नाही. पण ठेक्यात नुसता दर लिहून भागत नाही. किती संडासांना किती माणसं, किती पोरांच्या ताटांना किती हात, हे ठेक्यातच लिहिलेलं हवं. ते मोकळं ठेवलं की वाढलेल्या पगाराचे पैसे बायांच्या संख्येतूनच काढले जातात. आमच्या तालुक्यात कोणाला विचारा, हेच सांगेल.

काकूनं आधीच्या ठेकेदारावरही दावा लावला आहे. तो 6,700 देत होता तेव्हाही किमान वेतन त्याहून जास्त होतं. जुन्या कायद्यात सहा महिन्यांच्या आतलीच थकबाकी मागता यायची, म्हणून तिनं घाई करून अर्ज दिला. त्यात फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद होती, मिळेल तेवढी मिळेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झाली. तिच्यात मुदत तीन वर्षांची आहे आणि पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं आहे. काकूचा दावा जुना. रोख पगाराला सही नव्हती, हजेरीवही ठेकेदाराकडं, आणि तो तारखेला वकील पाठवतो.

तारखेच्या दिवशी तिची रोजी बुडते. वेचणीचा हंगाम असला तर चारशे, निंदणाचा असला तर त्याहून कमी. ठेक्यावरच्या आठही बाया महिन्याच्या पगारातून प्रत्येकी पन्नास रुपये तिच्या खात्यात टाकतात. लग्नाच्या पोरीची आई त्यांत आहे, ड्रायव्हरची आईही. पगार काढायला येतात तेव्हा अंगठा ठेवतात आणि मला काकूचा खाते नंबर सांगतात. आता तो सगळ्यांना पाठ झाला आहे.