लादी बदलली आणि कमोड गळायला लागला : माझा अनुभव

जानेवारीत सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या. नळ हाताला लागला म्हणून वाचल्या, पण मी त्याच दिवशी ठरवलं की ही गुळगुळीत लादी आता बदलायचीच. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, १९९४ सालची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दोन संडास आहेत पण एक भारतीय पद्धतीचा, म्हणजे सासूबाईंना चालणारा एकच, बेडरूमच्या बाथरूममधला कमोड.

लादीवाल्या ठेकेदाराने सांगितलं की जुनी लादी फोडायची गरज नाही, वरूनच केमिकल लावून नवीन चिकटवू, चार दिवसांत बाथरूम ताब्यात. मला ते पटलं, कारण फोडाफोडी केली की खालच्या कोब्याला, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या पाणी अडवणाऱ्या थराला, धक्का लागतो आणि मग वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं हे मी शेजारच्या विंगमध्ये बघितलं होतं. एप्रिलमध्ये काम झालं. खरखरीत, मॅट लादी, पाय ठेवला की घट्ट धरून ठेवणारी, सासूबाई एकदम खूश. प्लंबरने कमोड परत बसवला, बुडाशी सगळीकडून व्हाइट सिमेंट भरलं, आणि गेला.

आठ-दहा दिवसांनी वास यायला लागला. आधी वाटलं नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे अंघोळीचं पाणी जातं त्या जाळीच्या भोकातून, येतोय, फिनाइल ओतलं, जाळी काढून घासली, काही फरक नाही. मग एक दिवस लादी पुसताना दिसलं की कमोडच्या मागच्या बाजूला व्हाइट सिमेंटला केसासारखी चीर गेलीय आणि तिथलं ग्राउट, म्हणजे लाद्यांच्या सांध्यातला भराव, बाकीच्यापेक्षा काळपट आहे. बोट लावलं तर ओलं. आणि त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "अगं, जरा खाली येऊन बघतेस का, आमच्या संडासाच्या सिलिंगला पिवळा डाग आलाय." मी गेले, बघितलं, आणि पोटात गोळाच आला, कारण काकू सोवळंओवळं पाळणाऱ्या, त्यांच्या डोक्यावर आमच्या संडासाचं पाणी ही कल्पनाच मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्याने चीर पडली होती तिथे आणखी व्हाइट सिमेंट थापलं आणि तीनशे रुपये घेतले. तीन दिवसांत परत तेच. मग ठेकेदाराला बोलावलं तर तो म्हणाला की तुमचं जुनं वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं फोडून नव्याने करावं लागेल, चाळीस हजार धरा. सोसायटीचे सेक्रेटरीही येऊन बघून गेले, त्यांनी नीट समजावलं की हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर खर्च सोसायटीचा, पण घरातल्या संडास-मोरीची असेल तर ती ज्याची त्याने दुरुस्त करायची. ते बरोबरच आहे. पण चाळीस हजार आणि पंधरा दिवस बाथरूम बंद, तेही सासूबाईंची ही अवस्था असताना, आणि मुळात पाणी कुठून येतंय हे कुणीही शोधलंच नव्हतं, नुसता अंदाज. म्हणून मी म्हटलं फोडू नंतर, आधी मी स्वतः बघते.

रात्री सगळे झोपल्यावर कमोडच्या बुडाशी लादी कोरडी पुसून घेतली, भिंतीवरचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा नळ, बंद केला, टाकी रिकामी केली आणि कमोडभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या. सकाळी पट्ट्या कोरड्या. मग कॉक उघडला, टाकी भरू दिली, फ्लश मात्र केला नाही, दोन तास थांबले, तरी कोरड्याच, म्हणजे टाकी, वायसर, कनेक्शन पाइप यातलं काही गळत नव्हतं. मग बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि ते पाणी टाकीत न घालता थेट भांड्यात एकदम ओतलं. पाच मिनिटांत मागच्या पट्टीची कड निळी झाली, आणि निळा रंग कागदावर हळूहळू चढत होता ते मी तिथेच उकिडवी बसून बघत होते. चोर सापडला होता.

तरी वॉटरप्रूफिंगची शंका मनात नको म्हणून अंघोळीच्या भागाचीही परीक्षा घेतली. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत कापड घालून गच्च बोळा बसवला, अंघोळीच्या उंबऱ्याच्या आत दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि २४ तास तसंच ठेवलं. पाणी रेघेपासून जेमतेम हललं, खाली काकूंकडे डाग वाढला नाही. म्हणजे कोबा ठणठणीत होता आणि मी चाळीस हजार रुपये चांगल्या लादीवर हातोडा मारायला देणार होते.

आता दुरुस्तीचं बघायचं तर मोबाइलवर जितके व्हिडिओ बघितले ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडे जमिनीत पाइपच्या तोंडाला एक चकती बसवलेली असते, तिच्यावर मेणाची जाड रिंग ठेवतात आणि त्यावर कमोड दाबून बोल्टने आवळतात. आपल्याकडे तसं नसतं. जमिनीतून चार इंची पीव्हीसी पाइपचं तोंड आलेलं असतं, कमोडच्या मागची नळी त्यात उतरते आणि सांधा बहुतेक ठिकाणी व्हाइट सिमेंटवरच सोडतात. त्यामुळे ते व्हिडिओ बघून काम करायला जाऊ नका, इथे तो प्रकारच वेगळा आहे.

माझ्या भावाने त्याच्या ओळखीचे एक वयस्कर प्लंबर पाठवले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी दारात उभं राहूनच विचारलं, "ताई, लादीवर लादी टाकली का? मग पाइप वर घेतला होता का?" मी म्हटलं, पाइपचं कुणी नावच काढलं नाही. ते म्हणाले, "मग कमोड उचलल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही."

कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, भांड्यातलं उरलेलं पाणी मगाने आणि स्पंजने काढलं. व्हाइट सिमेंट त्यांनी हॅकसॉच्या नुसत्या पात्याने, हातोडा न लावता, हळूहळू कापत आणलं, कारण ठोकलं की चिनी मातीच्या भांड्याला तडा जातो. मग कमोड जमिनीला धरून ठेवणारे रॅक बोल्ट सोडवून मामा आणि माझा नवरा दोघांनी मिळून कमोड उचलून गोणपाटावर आडवा ठेवला.

खाली जे होतं ते बघून सगळ्यांना उलगडा झाला. पाइपचं तोंड जुन्या लादीच्या पातळीलाच राहिलं होतं आणि नवीन लादी, केमिकल आणि उताराचं मटेरियल मिळून जमीन जवळजवळ २० मिलिमीटर वर आली होती. कमोड नव्या लादीवर बसला म्हणजे तोही तेवढाच वर गेला, त्याची नळी जी आधी पाइपच्या आत उतरत होती ती आता तोंडाच्या वरच लोंबकळत होती. मधे बोटभर फट, आणि ती नुसती व्हाइट सिमेंटने भरलेली. प्रत्येक फ्लशला थोडं पाणी त्या फटीतून दोन लाद्यांच्या मधे आणि तिथून खाली कोब्यात. फटीच्या कडेची रेती काळी झाली होती, बोटाने दाबली की पाणी सुटत होतं, आणि तो वास, तोच, जो आम्ही महिनाभर फिनाइलने झाकत होतो.

मामांनी पाइपच्या तोंडात कापडाचा बोळा घातला, त्याला सुतळी बांधून ती खिळ्याला अडकवली म्हणजे बोळा आत जाणार नाही, आणि म्हणाले तीन दिवस हे सुकू द्या, ओल्यावर काहीही चिकटवलं तर परत सुटेल. ओली रेती खरवडून काढली, ब्लीचिंग पावडर टाकली, टेबलफॅन लावून ठेवला. सासूबाईंसाठी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून थोड्या डिपॉझिटवर कमोड चेअर आणली, तिने ते दिवस निभावले. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, उलट मलाच म्हणायच्या, "तू नीट करून घे, घाई करू नकोस."

तीन दिवसांनी मामांनी पाइपचं तोंड साफ करून ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा तुकडा सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या डिंकाने, जोडला आणि तोंड नव्या लादीच्या बरोबर पातळीला आणलं. भोवतीची पोकळी वॉटरप्रूफ केमिकल घातलेल्या सिमेंटने भरली. मग कमोडच्या नळीला पॅन कनेक्टर बसवला, हा प्लास्टिकचा तुकडा असतो, आत-बाहेर रबराचे ओठ असलेला, साबणाचं पाणी लावलं की घट्ट सरकत बसतो आणि कमोड किंचित हलला तरी सांधा सुटत नाही. आमच्या भिंतीलाही नवीन टाइल लागल्यामुळे भिंत ते पाइप हे अंतर थोडं कमी झालं होतं, ते त्यांनी आधी कोरडा कमोड ठेवून, पेन्सिलने खुणा करून तपासलं, टाकी भिंतीला टेकत नव्हती, मग पुढे गेले. बुडाशी व्हाइट सिमेंट अजिबात नाही, सिलिकॉन लावलं, आणि मागच्या बाजूला दोन बोटं जागा मुद्दाम मोकळी ठेवली. उद्या कधी गळलंच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, आतल्या आत काकूंकडे जाणार नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते फार पटलं.

२४ तास कमोड वापरला नाही. मग टाकीत नीळ घालून लागोपाठ दहा वेळा फ्लश केलं, मोकळ्या जागेत टिश्यू सरकवून ठेवला होता, तो पांढराच्या पांढरा बाहेर आला. पॅन कनेक्टर, तुकडा, सिलिकॉन, मामांची मजुरी सगळं धरून २९०० रुपये झाले.

खालचा डाग मात्र लगेच गेला नाही, त्याने आमचा जीव टांगणीला लावला. मामांनी सांगितलं होतं की कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांत मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, तरीही मी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन काकूंकडे जायचे आणि त्या डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायचे, आणि काकू तेवढ्यात चहा टाकायच्या. जवळजवळ तीन आठवड्यांनी कड आत सरकायला लागली, जुलैच्या पावसातही वाढ झाली नाही. गणपतीच्या आधी, सगळं कोरडं झाल्यावर, मी रंगारी पाठवून काकूंचं सिलिंग करून दिलं, पैसे त्या मला देऊ देत नव्हत्या, पण ते मी ऐकलं नाही.