टक्के कशावर? दहावीच्या ‘अर्थनियोजन’मधली खरी गोम

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन हे प्रकरण आहे. आकडेमोड सातवी-आठवीची, तरी चांगली चांगली मुलं इथे गुण घालवतात, कारण टक्के काढता येतात पण ते कशावर काढायचे हे ठरत नाही. छापील किंमत, करपात्र किंमत, दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली हे पाच वेगवेगळे पाये आहेत. प्रत्येक ओळीत टक्क्याशेजारी पाया लिहायची सवय लावली, तर निम्म्या चुका तिथेच थांबतात.

जीएसटीपासून सुरुवात करू. मिक्सरची छापील किंमत २५०० रुपये, कर वेगळा. सूट १० टक्के, जीएसटी १८ टक्के. आधी सूट वजा करायची: २५०० − २५० = २२५०. ही करपात्र किंमत. तिच्यावर कर ४०५ रुपये, म्हणजे सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २०२.५० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २०२.५०. बिल २६५५ रुपये. काही मुलं आधी २५०० वर ४५० रुपये कर लावतात आणि मग २९५० वर १० टक्के सूट देतात. गंमत अशी की उत्तर तेच येतं, २६५५, कारण गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही. पण कराचा रकाना चुकतो: ४०५ च्या जागी ४५०. प्रश्नात एसजीएसटी किती असं विचारलं की गुण गेले. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे केंद्राचेही १८ आणि राज्याचेही १८ टक्के धरणं. दर एकूण १८ आहे, दोघांचे ९-९. माल राज्याबाहेर गेला, समजा कोल्हापूरहून बेळगावला, तर हे दोन भाग पडत नाहीत, सगळा आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा एकत्रित जीएसटी, लागतो.

किंमत करासहित दिली असेल तर जास्त सांभाळायचं. करासह ११८० रुपये असतील, तर ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० वजा करायचे नाहीत. ११८ रुपयांत १०० वस्तूचे असतात. म्हणून ११८० × १०० ÷ ११८ = १००० रुपये करपात्र किंमत, कर १८०.

इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून मिळणारी वजावट, हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि तो सूत्र पाठ करून कळत नाही. व्यापाऱ्याने १००० रुपयांचा माल घेतला, १८० कर भरला. १२०० ला विकला, ग्राहकाकडून २१६ कर घेतला. सरकारला द्यायचे २१६ − १८० = ३६ रुपये, १८ सीजीएसटी, १८ एसजीएसटी. आता ३६ म्हणजे काय ते पाहा: वाढवलेल्या २०० रुपयांचे १८ टक्के. प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या मूल्यावर कर बसतो, करावर कर बसत नाही. मुलाला हे दिसलं की सगळी साखळी तो स्वतः मांडतो.

दरांबाबत एक सूचना. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी संपले. त्यामुळे जुन्या उदाहरणातला दर आणि घरातल्या बिलावरचा दर जुळणार नाही. गणितात दिलेला दरच घ्यायचा.

शेअर्सच्या गणितात दोन पाये एकमेकांत मिसळतात. दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली) १० रुपये, बाजारभाव (ज्या भावाने शेअर विकत मिळतो) २००, लाभांश (कंपनी नफ्यातून देते तो वाटा) २५ टक्के. लाभांश नेहमी दर्शनी किमतीवर, म्हणून शेअरमागे २.५० रुपये. १०० शेअर्सवर २५० रुपये मिळाले, गुंतवले २०,०००. परताव्याचा दर १.२५ टक्के. २०,००० चे २५ टक्के काढून ५००० लिहिणारी उत्तरपत्रिका दरवर्षी असतेच.

दलाली, म्हणजे शेअर्स घेऊन-विकून देणाऱ्या दलालाचा मोबदला, मात्र बाजारभावावर आणि जीएसटी फक्त दलालीवर. वरचेच १०० शेअर्स ०.३ टक्के दलालीने घेतले तर दलाली ६० रुपये, तिच्यावर १८ टक्के म्हणजे १०.८० रुपये, एकूण खर्च २०,०७०.८०. पुढे २२० ला विकले तर २२,००० मधून ६६ आणि ११.८८ वजा होऊन हाती २१,९२२.१२. घेताना मिळवायचं, विकताना वजा करायचं. नफा २००० नव्हे, १८५१.३२ रुपये.

हातात नेमके २०,००० असतील तर किती शेअर्स येतील? २०० ने भागून १०० म्हणू नका. एक शेअर २०० + ०.६० + ०.१०८ = २००.७०८ रुपयांना पडतो. भागाकार ९९.६५ येतो, पण पाऊण शेअर मिळत नाही आणि इथे जवळच्या पूर्णांकाला जाऊन १०० करायचे नसतात. ९९ घ्यायचे, १२९.९१ रुपये उरतात. म्युच्युअल फंडात मात्र अपूर्णांक चालतो: एनएव्ही (एका युनिटची किंमत) ४८ रुपये आणि गुंतवणूक ५००० असेल, तर १०४.१६७ युनिट्स हेच बरोबर उत्तर.