उपचार मिळाले, पण कोणते?

अमेरिकेतल्या व्यसनोपचारांचा विषय निघाला की तुमच्यापैकी बरेच जण विचारता: तिथे भेदभाव बेकायदा, गरिबांना सरकारी विमा, औषधंही सिद्ध झालेली. मग काळ्या रुग्णांना हलक्या दर्जाचे उपचार मिळतात म्हणजे नेमकं काय? दारातून परत पाठवतात का?

बहुतेकदा आत घेतात. फरक पडतो तो पुढे: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम आणि घरी न्यायला किती दिवसांचं.

हेरॉइन आणि फेंटानिलच्या व्यसनात जीव वाचवणारी मुख्य औषधं दोन. व्यसनासाठीचं मेथाडोन औषधाच्या दुकानात मिळत नाही; परवाना असलेल्या केंद्रात जाऊन, नर्ससमोर प्यावं लागतं. जुन्या नियमांत पहिले 90 दिवस जवळपास रोज हजेरी होती, आणि महिन्याभराचं औषध घरी न्यायला 2 वर्षं जावी लागत. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याची यात नोकरी तरी जाते, नाहीतर औषध तरी सुटतं. ही केंद्रं काळ्या आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) वस्त्यांच्या भागांत जास्त आहेत.

दुसरं औषध ब्यूप्रेनॉर्फिन; त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली. ते जिभेखाली ठेवायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर महिन्याचं घरी नेता येतं. पण डॉक्टरला त्यासाठी 8 तासांचं प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी लागे, आणि सुरुवातीला एका वेळी 30 रुग्णांचीच मर्यादा असे. लिहून देणारे मोजके, त्यातले बरेच विमा न घेता रोख पैसे घेणारे. 2012 ते 2015 मधल्या भेटींच्या अभ्यासात अशा सुमारे 40 टक्के भेटी रोखीच्या निघाल्या, आणि काळ्या रुग्णाला ही चिठ्ठी मिळण्याची शक्यता गोऱ्याच्या मानाने 77 टक्के कमी.

म्हणजे सगळा पैशांचाच प्रश्न? तसंही नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळे रुग्ण अपंगत्वामुळे मेडिकेअर हा सरकारी विमा मिळालेले, म्हणजे विमा एकच. ओव्हरडोससारख्या प्रसंगानंतर 6 महिन्यांत ब्यूप्रेनॉर्फिन मिळालं 23.3 टक्के गोऱ्यांना, 18.7 टक्के हिस्पॅनिकांना आणि 12.7 टक्के काळ्यांना. डॉक्टरांच्या भेटी तिन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या. माणूस डॉक्टरसमोर बसलेला असतो आणि चिठ्ठी लिहिली जात नाही, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

डोसचं दुखणं आणखी जुनं आहे. मेथाडोन रोज 60 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बहुतेकांना ते पुरत नाही. काळे रुग्ण जास्त असलेल्या केंद्रांत असे कमी डोस अधिक दिले जातात, हे 2002 मध्येच छापून आलं होतं. कमी डोसवर दुसरी सकाळ उजाडायच्या आत अंग दुखू लागतं, घाम फुटतो, तलफ येते. माणूस बाहेरून काहीतरी घेतो, लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येते, घरी मिळणारं औषध बंद होतं आणि कागदावर शेरा पडतो की रुग्ण सहकार्य करत नाही. चूक डोसची असते, ठपका माणसावर बसतो.

ब्यूप्रेनॉर्फिनची वेगळी परवानगी 2022 च्या अखेरीस रद्द झाली. 2024 च्या नियमांनुसार मेथाडोन केंद्राला महिन्याभरानंतर 28 दिवसांपर्यंतचं औषध घरी देता येतं. देता येतं, पण द्यायलाच हवं असं नाही, निर्णय केंद्राचाच. त्यामुळे कुठल्याही केंद्राला नुसतं ‘किती रुग्ण घेतले’ विचारून भागत नाही. सरासरी डोस किती, घरी किती दिवसांचं देता, 180 दिवसांनी किती जण औषधावर टिकून आहेत, आणि हे तिन्ही आकडे वंशानुसार वेगळे काढले आहेत का, हे विचारायला हवं.

तिकडे प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांपैकी ज्यांच्याकडे नियंत्रित औषधांची नेहमीची नोंदणी आहे, त्यांनाही आता राज्याचे नियम पाळून ब्यूप्रेनॉर्फिन लिहिता येतं. रुग्ण निघण्याआधी त्याच्या घराजवळच्या दुकानात फोन करून औषध शिल्लक आहे का, हे विचारून घ्या. सोबत नॅलॉक्सोनही, म्हणजे ओव्हरडोस उलटवणारं औषधही, लिहा.