चेंजलॉगची डागडुजी: ३१ पैकी २२

ब्लॉगच्या मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की जुन्या सगळ्या व्हर्जनांचा चेंजलॉग (कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं याची यादी) एका शनिवार-रविवारात उरकतो. तीन आठवडे झाले. ३१ पैकी २२ झाली, ९ उरलीत, आणि त्यातल्या एकाकडे मी मुद्दाम बघत नाहीये.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: पॅकेज छोटंसंच आहे, सबटायटलच्या फाइलींमधल्या वेळा पुढे-मागे सरकवणारं. एका वापरकर्त्याने विचारलं, "१.६ वरून २.० वर गेलो तर माझं काय मोडेल?" चेंजलॉग होता की माझ्याकडे! पण कसला, तर गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या गिटमधले माझे संदेश, तसेच उचलून चिकटवलेले. 'टायपो', 'परत टायपो', 'टेस्ट पास झाली एकदाची'. त्याला उत्तर द्यायला शेवटी मीच डिफ, म्हणजे दोन व्हर्जनांमधला ओळीनिहाय फरक, उघडून बसलो. चेंजलॉग कसा लिहावा हे सांगणारे 'कीप अ चेंजलॉग' साइटवाले कधीपासून सांगतायत की गिट लॉग चेंजलॉगमध्ये ओतू नका. मी ते वाचलं होतं, पटलंही होतं, आणि तरी ओतला होता.

साचा त्यांचाच घेतलाय. सगळ्यात वर 'अनरिलीज्ड' (अजून बाहेर न पडलेले बदल), खाली नवीन व्हर्जन आधी, आणि प्रत्येकात लागतील तेवढेच मथळे: अ‍ॅडेड, चेंज्ड, डेप्रिकेटेड, रिमूव्हड, फिक्स्ड, सिक्युरिटी. तारीख २०२१-०३-०९ अशी, वर्ष आधी. नुसतं ०३/०९ लिहिलं की निम्मे लोक तीन सप्टेंबर वाचतात, निम्मे नऊ मार्च.

लिहिण्याआधीच पहिला दणका बसला. टॅगांची, म्हणजे गिटमध्ये प्रत्येक व्हर्जनला लावलेल्या नावांची, यादी काढली आणि वरून खाली भरत सुटलो. चार नोंदी झाल्यावर लक्षात आलं की १.१ नंतर थेट १.१० आलंय आणि १.२ त्याच्याखाली. गिट टॅगांची नावं अक्षरांच्या क्रमाने लावतं, आकड्यांच्या नाही. सॉर्टला व्हर्जन:रेफनेम सांगितलं की रांग सरळ होते. हे मला माहीत होतं असं मी कुणालाही सांगितलं असतं.

मग तारखा. सुरुवातीचे माझे सगळे टॅग लाइटवेट, म्हणजे कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलावर) लावलेली नुसती चिठ्ठी. अ‍ॅनोटेटेड टॅगमध्ये टॅग कुणी, कधी लावला ते असतं, लाइटवेटमध्ये नसतं. जी तारीख दिसते ती कमिटची. माझा एक कमिट महिनाभर पडून होता आणि रिलीज त्यानंतर झालं. पॅकेज इंडेक्सवर, जिथून लोक पॅकेज उतरवून घेतात तिथे, अपलोडची तारीख होती म्हणून निभावलं. आता प्रत्येक टॅग अ‍ॅनोटेटेडच.

वेळ खाल्ला तो मात्र वाक्यांनी. १.४.२ ची जुनी नोंद होती 'पार्सरमधला बग फिक्स' (पार्सर म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड). नवीन नोंद: 'फाइलच्या शेवटी रिकामी ओळ नसेल तर शेवटचं सबटायटल गळायचं, आता गळत नाही (#४७).' या एका ओळीसाठी चाळीस मिनिटं गेली, कारण आधी तो बग पुन्हा घडवून बघावा लागला. पार्सर कुठे बदलला याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नाही. त्याच्या फाइलचं काय होत होतं आणि आता काय होतं, एवढंच त्याला हवं असतं. जीएनू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने हे दोन वाचक, कोड बघणारा आणि वापरणारा, फार आधीच वेगळे केलेत: चेंजलॉग फाइलमध्ये फाइलनिहाय, फंक्शननिहाय बदल, आणि न्यूज फाइलमध्ये वापरकर्त्याला जाणवेल तेवढंच. त्यातलं पहिलं काम आता गिटच करतं. जीएनूच्याच जीसीसी कंपायलरनेही २०२० पासून त्या फाइली कमिटच्या संदेशांतून आपोआप बनवायला घेतल्या. दुसरं काम मात्र माणसानेच करायचं, असं माझं ठाम मत झालंय.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारासाठी लागणाऱ्या चेंजलॉगने एक अख्खी संध्याकाळ घेतली. तिथली नोंद मशीनही वाचतं, पॅकेजचं व्हर्जन त्यातूनच ठरतं. शेवटची ओळ अशी: एक स्पेस, दोन डॅश, स्पेस, नाव, कोनी कंसात ईमेल, मग दोन स्पेस, मग तारीख. दोन म्हणजे दोनच. मी स्वच्छतेच्या उत्साहात एक स्क्रिप्ट चालवली होती, दुहेरी स्पेस दिसली की एकेरी करणारी. ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि टूल म्हणतं ट्रेलर, म्हणजे तीच शेवटची ओळ, बिघडलाय. अर्धा तास मी तारखेतच चूक शोधत होतो. हातानं लिहूच नका, डीसीएच (ही नोंद घालून देणारं डेबियनचं टूल) वापरा.

आरपीएमची, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सवरच्या पॅकेजांची, खोड वेगळी. तिथे तारखेबरोबर वारही लिहायचा असतो आणि तो जुळला नाही तर बिल्ड करताना 'बोगस डेट' म्हणून इशारा येतो. मी वरच्या नोंदीतून वार कॉपी करत होतो. सात इशारे आले.

आता पुढची सोय. पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) करणारा प्रत्येक जण 'अनरिलीज्ड'खालच्या त्याच ओळीवर लिहितो, मग मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदल एकत्र करताना होणारी टक्कर, ठरलेला. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये युनियन मर्ज, म्हणजे दोन्हीकडच्या ओळी ठेवणारी सेटिंग, लावून पाहिलं. कॉन्फ्लिक्ट गेले, पण एका जुन्या ब्रांचमधली ओळ गुपचूप आधीच रिलीज झालेल्या व्हर्जनखाली जाऊन बसली. कॉन्फ्लिक्ट परवडला! म्हणून टाउनक्रायर या टूलवर आलोय: प्रत्येक बदलाची आपली वेगळी छोटी फाइल, नावात इश्यूचा (नोंदवलेल्या तक्रारीचा) नंबर आणि बदलाचा प्रकार, आणि रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र होऊन फाइली उडतात. दोन पुल रिक्वेस्ट अशा आल्या, दोन्ही विनातक्रार मर्ज झाल्या. तिसरीवाल्याने फाइलच टाकली नाही, म्हणून आता ती तपासणी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) टाकतोय.

राहिलं ते १.७.१, ज्याकडे मी बघत नाहीये. एकच कमिट, चारशेच्या वर ओळी बदललेल्या, आणि संदेशात एकच शब्द: 'चुकलं'. काय चुकलं होतं ते आठवत नाही, आणि १.७.० दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं होतं एवढंच इंडेक्सवर दिसतं. सध्या १.७.० पुढे 'यँक्ड', म्हणजे मागे घेतलेलं, लिहून ठेवलंय. येत्या रविवारी डिफ उघडतो.