आक्काचे वय

रविवार, रात्री

मृत्यूचा दाखला आज हातात आला. त्यावर वय ८८ लिहिले आहे आणि दुपारपासून तो आकडा डोक्यातून जात नाही. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३६ होती, तेव्हा हिशेब बरोबरच आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या कागदावर १ जानेवारीलाच जन्मल्या आहेत. दादाने दाखला फायलीत ठेवला. आत्याने मात्र तो वाचून घेतला आणि एवढेच म्हणाली, "आईची पाच-सहा वर्षं कुणी खाल्ली रे?"

तात्यांची शाळेतली तारीख १ जून १९४७. म्हणजे कागद खरा मानला, तर आक्का अकरा वर्षांची असताना तात्या झाले. गांधींना मारले तेव्हा थोरला रांगत होता, हे ती इतक्या वेळा सांगायची की त्यात शंका घ्यायला जागा नाही. त्याआधी, पत्री सरकारच्या धामधुमीत, पोलीस दिसले की गुरे तशीच सोडून ती आणि मावशीआजी करवंदीच्या जाळीत दडून बसत. सात वर्षांच्या पोरीकडे कोणी रानात एवढी गुरे सोपवत नाही. लग्न झाले ते महायुद्धाच्या टंचाईत, कापडसुद्धा मिळत नसताना. कसेही मांडले तरी तिचा जन्म १९३० च्या मागेपुढेच येतो.

मला सलते ते एवढेच, की गेलेली वर्षे नेमकी सुरुवातीची आहेत. पुढच्या आयुष्याला साक्षीदार पुष्कळ आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तान्ह्या बाबांना काखोटीला मारून ती खळ्यावर पळाली आणि पुढे कितीतरी रात्री घरात पाठ टेकायला तयार नव्हती, हे आत्याने डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर पदराच्या गाठीतून निघालेली सुकडी तात्यांनी खाल्ली आहे. परकरातल्या त्या मुलीचे मात्र कोणी राहिले नाही, आणि आता तिची वर्षेही राहिली नाहीत.

तारखा तिला लागतच नव्हत्या. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकवून ती एकेक पेर वर सरकायची, तीन पेरे झाली की पुढच्या बोटावर जायची, ओठ हलत राहायचे, आणि तर्जनीच्या पहिल्या पेराशी दहावा महिना आला की म्हशीजवळ रात्री कोणी झोपायचे हे ठरायचे. त्या बोटाचे नख शेवटपर्यंत वाकडे होते. खडी फोडतानाचा घाव. दवाखान्यातले सगळे मला आज लिहायचे नाही.

मी झालो तो किल्लारीच्या भूकंपानंतरचा दुसरा आठवडा. ही ओळख मला तिने दिली. माझ्या वाढदिवसाला ती तारीख कधीच सांगत नसे. घर हलते की काय म्हणून माझ्या पाळण्याची दोरी धरून ती रात्रभर जागी बसायची, ते सांगायची. आता तसे सांगणारे कोणी उरले नाही. या विचाराने संध्याकाळी माझा मलाच फार एकटेपणा वाटला आणि त्या दाखल्याचा राग आला.

राग आता बराच उतरला आहे. दादा म्हणतो, दुरुस्तीचा अर्ज करू. पण आधाराला लावायचे काय? जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, आणि करवंदीची जाळी पुरावा म्हणून चालत नाही. आत्यानेही फार ताणून धरले नाही. "तिला विचारलं असतंस तर म्हणाली असती, मला पेन्शन थोडीच काढायचीय," असे म्हणून ती चहा ठेवायला उठली, आणि ते अगदी आक्काच्याच सुरात होते.

मावशीआजी अजून आहे. तिच्या स्वतःच्या वयाबद्दल कोणी विचारले की ती "आक्काच्या पाठची" एवढेच सांगते, आणि तेवढे पुरते. कान अधू झाले आहेत, पण जुने विचारले की स्पष्ट बोलते. पुढच्या रविवारी तिच्याकडे जायचे आहे. ती गुरे कोणाची होती, रानात दोघी काय खेळायच्या, आक्का लहानपणी कोणाला भ्यायची, हे विचारायचे आहे. वय विचारणार नाही.